कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक

२ मार्च
बसस्टँडच्या चौकशी खिडकीत एकोणीस वर्षं काढली. आज पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या लायकीची वस्तू खिडकीवर विसरून गेलं. पुस्तक आहे. विषय: माहिती. चक्क शास्त्रीय. नियमाप्रमाणे ते हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत जमा करायला हवं. वाचून करीन.

३ मार्च
३१ पानं वाचली. डोकं गरगरलं. जे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे ते सांगणं म्हणजे माहिती नव्हेच! गोष्ट जितकी अनपेक्षित, तितकी माहिती जास्त. बिटमध्ये मोजतात. नाणं उडवून छापा की काटा ते सांगितलं, एक बिट. उद्या सूर्य उगवेल म्हणून सांगितलं, शून्य. म्हणजे एकोणीस वर्षं मी घसा फोडून शून्य वाटतोय.

पुढचं प्रकरण ‘गोंगाट आणि पुनरुक्ती’. रटाळ दिसतं. सोडलं. मुद्दा कळला की झालं.

संकल्प: यापुढे शून्य बिटचं वाक्य बोलणार नाही. ऐकूनही घेणार नाही.

४ मार्च
बायको म्हणाली, चहा ठेवलाय. मला दिसत होता. बोललो नाही. मग म्हणाली, अहो, चहा ठेवलाय. मग, गार होतोय. एका कपावर तीन निवेदनं! तिला बिट म्हणजे काय ते शांतपणे समजावलं. समजावून होईस्तोवर चहा गार. तिने दुसरा केला नाही.

५ मार्च (सुट्टी)
शास्त्र म्हणजे मोजमाप. दिवसभर हिची वाक्यं मोजली. एकूण १४२. त्यात माहिती असलेली ४: गॅस संपला, खालच्या शिंपीकाकांना नातू झाला, हिच्या आईचा हात मोडला, चौथं लिहायचं राहून गेलं. बाकी १३८ म्हणजे ‘जेवताय ना’, ‘छत्री घ्या’, ‘ऐकलंत का’ याच जातीची. नीट तक्ता आखून फ्रिजवर लावला. हिने दोनदा वाचला. त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. इतका झटपट गुण येईल असं मलासुद्धा वाटलं नव्हतं.

६ मार्च
ही आईकडे निघाली. चार दिवस. (हात मोडलाय ना.) निघताना पद्धत लावून दिली: सगळं ठीक असेल तर कळवायचं नाही. काही वेगळं घडलं तरच मेसेज. तिने विचारलं, म्हणजे एरवी तुमच्याशी बोलायचं काही कारणच नाही, असंच ना? म्हटलं, अगदी बरोबर! ती म्हणाली, बरं.
चोवीस वर्षांच्या संसारात हिला एखादी गोष्ट पहिल्या फटक्यात पटलेली पाहिली. धन्य वाटलं.

७ मार्च
मेसेज नाही. सगळं ठीक.

८ मार्च
आता डेपोत सुधारणा. फलाटावर वेळापत्रक टांगलेलं असताना वेळेवर आलेली बस पुकारायची कशाला? बोर्ड लिहिला: ‘घोषणा नाही म्हणजे बस वेळेवर.’ मॅनेजरसाहेबांना विचारलं नाही. एकदम निकालच बघू दे त्यांना.
एरवी चाळीस घोषणा, आज दोन. घसा ठणठणीत. फक्त अकरा प्रवाशांच्या बस चुकल्या. बस नाकासमोर उभी, आणि हे पुकारण्याची वाट बघत बाकावर बसलेले! अशांना माझ्याकडे औषध नाही.

९ मार्च
किरकोळ अडचण. माइक सकाळपासून मेलेला होता, हे दुपारी कळलं. पाच गाड्या उशिरा होत्या. मी प्रामाणिकपणे ओरडत होतो, बाहेर काही पोचत नव्हतं, आणि लोकांनी बोर्ड वाचून धरलं की सगळं वेळेवर. दोष माइकचा. पद्धतीचा नव्हे. साहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले आणि चार लोकांत बोलले. त्यातले दोन शब्द मला नवीन होते.

१० मार्च
चार दिवस झाले, ही आली नाही. मेसेजही नाही. अर्थ सरळ आहे. हाड जुळायला वेळ लागतोच.

११ मार्च
आमच्या लग्नाचा वाढदिवस. दर वर्षी याच तारखेला येतो, त्यात अनपेक्षित काय? शुभेच्छा दिल्या नाहीत. तिनेही दिल्या नाहीत. एवढं ट्यूनिंग नव्या जोडप्यांत सापडायचं नाही.

१३ मार्च
संध्याकाळी घरी आलो तर शिलाई मशीन नाही, बाल्कनीतल्या कुंड्या नाहीत, कपाटातली हिची बाजू रिकामी. चोरी म्हणावी तर चोर टीव्ही सोडून कुंड्या कशाला नेईल? खाली शिंपीकाकांना विचारलं. म्हणाले, वहिनी दुपारी गाडी घेऊन आल्या होत्या, शिवायला टाकलेले कपडेसुद्धा घेऊन गेल्या. मग म्हणाले, तुम्ही बरे आहात ना? म्हटलं, मला काय धाड भरलीय? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. उगाच लगट.
सासूबाईंकडे पडदे शिवायचे असणार. कुंड्यांचं मात्र कोडं आहे. पण मुद्दाम कळवलं नाही, त्याअर्थी विशेष काही नसावं.

१५ मार्च
बदली. चौकशी खिडकीतून हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. बढतीच म्हणायची, कारण इथे चिटपाखरू येत नाही आणि अभ्यास होतो. साहेब आज कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. म्हणाले, घरचं कानावर आलंय, माइकवर नका बसू काही दिवस, सांभाळा स्वतःला. सासूबाईंच्या हाताची बातमी डेपोपर्यंत पोचली कशी?

१६ मार्च
मुलीचा फोन. दुसऱ्या शहरात नोकरी करते. विचारलं, बाबा, आईशी बोललात? म्हटलं, गरजच काय, तिकडे सगळं ठीक आहे. म्हणाली, कशावरून? म्हटलं, तिने काही कळवलं नाही यावरून. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. सर्दी झालेली दिसते. औषध घे म्हणणार होतो, पण तेवढं तिला कळतं.

१८ मार्च
दूध उतू गेलं. कुणी ओरडलं नाही. घर इतकं गप्प आहे की फ्रिजची घरघर ऐकू येते. एखादं शून्य बिटचं वाक्य चाललं असतं आज. प्रयोगापुरतं.
वेळ जाईना म्हणून ते ‘गोंगाट आणि पुनरुक्ती’ वाचलं. लेखक म्हणतो, वाटेत निरोप हरवत असेल तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ते फुकट जात नाही, त्यामुळेच निरोप पोचतो. हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि लेखक बायकोच्या धाकातला वाटतो.

२० मार्च
आता स्पष्टच विचारून टाकलं. मेसेज: ‘परत येणार ना? येणार असशील तर १, नसशील तर ०. बाकी मजकूर नको.’ चोख प्रश्न. ‘१’ची शक्यता ९९ टक्के धरली. उरलेला एक टक्का शास्त्राच्या मानासाठी. दोन माणसांचं दूध सांगून ठेवलं.

२१ मार्च, सकाळी ८.१०
०.

८.२५
नेटवर्कमध्ये गडबड असेल. पुन्हा विचारलं.
०.

९.००
मुलीला फोन केला. सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मला माहीत आहे. पंधरा दिवस झाले. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं. मग तुमचं तुम्हाला कळायची वाट बघत बसली.

खाली शिंपीकाकांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मशीन थांबवलं आणि स्टूल पुढे केलं. म्हणजे त्यांनाही. साहेबांनाही, आता ध्यानात आलं.

१०.३०
कामावर गेलो नाही. आकडेमोड केली. एक टक्का शक्यतेची गोष्ट घडली की माहिती मिळते साडेसहा बिटहून थोडी जास्त. मुलीला यातून मिळाली शून्य. शिंपीकाकांना शून्य. साहेबांना शून्य. सगळीच्या सगळी मला एकट्याला.
तीनदा तपासलं. आकडा बरोबर आहे.
एवढी माहिती मला जन्मात एकदम मिळाली नव्हती. सोसवत नाही.