आधी कुणाकडे धावते

५ फेब्रुवारी

कागद आले एकदाचे! ढमीच्या बालवाडीत कुणी अभ्यासवाल्या बाई आल्या आहेत — लहान मुलं ताण कसा सोसतात ते मोजायला. चार वर्षांच्या पोरीला कसला आलाय ताण? आईबापांनी घरी बघून रोज लिहायचं: मूल कशाने बिथरलं, मग काय केलं, कुणाकडे गेलं, शांत व्हायला किती वेळ लागला. बाईंनी बजावलंय, "लगेच मध्ये पडू नका. आधी नुसतं बघा." बघते की! चष्म्याच्या दुकानात दिवसभर दुसऱ्यांना दिसतंय का, तेच तर बघत असते.

६ फेब्रुवारी

फुगा फुटला. ढमी किंचाळली आणि धावली — आत्याकडे! मी दोन पावलांवर, नणंदबाई पार आतल्या खोलीत शिलाई मशीनवर. मला चक्क वळसा घालून गेली पोरगी.

७ फेब्रुवारी

जिन्यात कुत्रा भुंकला. आत्या.

८ फेब्रुवारी

आज माझ्याकडे आली! गुडघा खरचटला होता. पोटाशी धरलं आणि मलाच रडू फुटलं — आली बाई एकदाची! ती चटकन गप्प झाली, माझ्याकडे बघत राहिली, मांडीवरून उतरली आणि आत गेली. कुणाकडे, ते काय लिहायचं!

९ फेब्रुवारी

नणंद घरी बसून कपडे शिवते, ढमी दिवसभर तिच्याजवळ असते — कबूल. ती नसती तर मला नोकरी सोडावी लागली असती — तेही कबूल. पण नऊ महिने पोटात कुणी वागवलं? माय मरो आणि मावशी उरो म्हणतात. इथे तर मावशीही नाही, आत्या!

वर बोलणं किती गोड! "वहिनी, दमलीस ना? बस, मी बघते ढमीकडे." अंगाचा नुसता तिळपापड होतो. भांडली असती तर बरं झालं असतं.

नवऱ्याला सांगितलं तर हसला. "माझ्या बहिणीशी कसली शर्यत लावतेस?" हा असंच म्हणणार. बहीण त्याची!

१० फेब्रुवारी

'कुणाकडे गेलं' पुढे 'आई' लिहिलं. खोडलं. बाईंना फसवून काय मिळणार? मला ते खरोखर घडायला हवंय.

११ फेब्रुवारी

सुट्टी. नणंदेला म्हटलं, "ते शिवलेले कपडे आजच देऊन ये ना." गेली बिचारी.

ढमीने सकाळपासून ठोकळ्यांचं घर रचलं होतं, तिच्या खांद्याएवढं. "आत्या आली की दाखवणार." आत्याला! मी काय भिंत आहे?

माझं कोपर लागलं. लागलं कसलं — लावलं. सगळं घर खाली.

मग बाईंच्या सांगण्याप्रमाणे नुसतं बघितलं. ढमीचा ओठ थरथरला. दाराकडे बघितलं, आत्या नाही. मग माझ्याकडे आली! स्वतःहून! माझ्या गालावरून हात फिरवला. "असू दे आई. मुद्दाम नाही ना केलंस." डोळ्यांत टिपूस नाही! कडेवर घेऊन घरभर नाचले. लिहून टाकलं: आईकडे गेली, लगेच शांत झाली. न खोडता! नणंदबाई परतल्या तेव्हा मी गाणं गुणगुणत होते. फार दिवसांनी.

१२ फेब्रुवारी

दुकानातून लवकर सुटले. दार लोटलेलंच होतं. आतल्या खोलीतून हुंदके ऐकू आले. ढमीचे!

"माझं घर मोडलं..."

"अगं, ते कालचं ना? मग कालच आईजवळ रडायचं."

"नाही! तू पण तिला सांगू नको. मी रडले की आई पण रडते. मग तिला कोण गप्प करणार?"

मी दाराबाहेरच उभी राहिले, तोंडावर हात दाबून. आवाज आत जायला नको होता.