मोळी वाहणारी मान

गुरुजी,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि आज भरदुपारी मी तुम्हाला पत्र लिहायला बसलो आहे. मी घाबरलो आहे. माझ्या आखाड्यात एक गडी पडला. खोडाळ्याकडच्या पाड्यावरचा, विशीतला, नुकतं लग्न झालेला. जव्हार दरबारच्या शिपायांत भरती व्हायचं म्हणून अंग कमवायला माझ्याकडे येत होता. परवा शीर्षासनात त्याची मान मुरगळली आणि उजवा हात खांद्यापासून लुळा पडला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, काही दिवस हलवू नका, मग बघू. मग बघू म्हणजे काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

तुम्ही सकाळी आसनं शिकवायचात आणि संध्याकाळी लाकडी डंबेल्स घेऊन साहेबी कवायत. त्यावरून जव्हारात आसनवाले आणि कवायतवाले असे दोन तट पडले होते, आणि दोन्हीकडचे तुमच्यावर नाराज. एकदा तुमच्या चुलीपाशी बसून नागलीची भाकरी खाताना मीही विचारलं होतं, की या दोन्हींत खरं चांगलं कोणतं. तुम्ही भाकरी उलटता उलटता म्हणालात, "कवायतीनं अंग भरतं, आसनानं मोकळं होतं. माणसाला दोन्ही लागतं. पण सकाळचं संध्याकाळी आणि संध्याकाळचं सकाळी आणू नकोस. कवायतीत आकडे मी मोजतो. आसनात मोजणारा तुझा श्वास, तिथं मी गप्प." मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं नाही, हात दुखत होते एवढंच आठवतं. आणखी एक दिवस आठवतो. बाजारात मोळ्या विकणाऱ्या माझ्या एका सोबत्याला मी गंमत म्हणून डोक्यावर उभा करतो आहे आणि तुम्ही मागून येऊन माझा कान धरता. सगळ्यांदेखत. "अशा मानेला फसू नकोस गाढवा. ओझ्याखाली दबून ती ताठ झालेली असते. आधी महिनाभर सैल करून घे, मग उलटं कर." कान संध्याकाळपर्यंत लाल होता, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो.

आणि तरी मी फसलो. या गड्याची मान खांबासारखी. लहानपणापासून डोक्यावर लाकडं वाहून जव्हारच्या बाजारात आणलेली. भरती तोंडावर आली होती. म्हटलं, याला कशाला हवा महिना? उलटा केला आणि वरून कवायतीचे आकडे मोजायला लागलो. श्वास कोंडून धर म्हणालो. वीस झाले तेव्हा त्याचा चेहरा काळवंडला होता. मला दिसत होतं. मी म्हणालो, "अजून पाच." तो खाली आला नाही, कारण मीच त्याला दोन महिने कवायतीत शिकवलं होतं की हुकूम झाल्याशिवाय हलायचं नाही. तेविसाव्या आकड्याला तो कोसळला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. काल एक पोरगा साधी बैठक मारत होता, तर मी ओरडून त्याला थांबवलं.

त्याची बायको रानातून चालत आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "मास्तर, ह्या तुमाला कोनी शिकवला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या गुरुजींनी."

"मंग त्यांनाच इचारा. त्यांना ठावं असंल हात कसा येल त्या. तुमाला लिवता येतंय ना?"

म्हणून लिहितो आहे. ती समोर उंबऱ्याशी बसून माझ्या टाकाकडे बघते आहे. तिला वाचता येत नाही. बोटं गार पडली आहेत हे लिहिलं का, असं तिनं दोनदा विचारलं. गुरुजी, त्याची बोटं गार पडली आहेत. भाताच्या लावणीला दोन हात लागतील, आणि शिपाई व्हायचं तर हातात काठी धरता यायला हवी. आत्ता तिनं विचारलं, उत्तर कवा येल. मी म्हणालो, टपाल गेलं की येईल. तुम्ही नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. आणि असं करू नकोस असं तुम्ही मला बजावलं होतंत, हेही नाही.