मिठाच्या पाण्याची बादली

प्रिय ठकू,

फोनवर मला तुझ्याशी एक गोष्ट बोलायची असते, पण ती ओठांवर आली की तू नेमकी मुलांच्या परीक्षेवर नाहीतर शेजारणीच्या मांजरावर घसरतेस. तीनदा असं झालं, म्हणून शेवटी लिहायला बसलो. वाचताना मध्येच उठून जाऊ नकोस.

आधी खुशाली. मी पुन्हा दुकानात उभा राहतो. म्हणजे उभा कमी, बसतो जास्त. तुझ्या वहिनीने काउंटरमागे स्टूल आणून ठेवलंय आणि मी उठलो की तिच्या भुवया उठतात. ओले गठ्ठे उचलायला अजून बंदी आहे. त्यामुळे मशीन चालवणारी दोघं मला आता सल्ला विचारतात आणि तो न ऐकता काम करतात. ऑपरेशनच्या टाक्यांची जागा कधीकधी ओढते, पण भूक परत आली आहे.

तुला आठवतं ना, बाबांनी लाँड्री घातली तेव्हापासून दुकानाचा एकच नियम: गिऱ्हाइकाला डाग कशाचा ते विचारायचं नाही. आपण ओळखायचा, काढायचा, घडी घालून द्यायची. तू लहानपणी एका मास्तरांना त्यांच्या कॉलरवरच्या लाल रंगाबद्दल विचारलंस आणि बाबांनी तुला संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत मोजे जुळवायला बसवलं होतं. मी मात्र तो नियम इतका अंगी मुरवला की स्वतःलासुद्धा विचारेनासा झालो.

माझ्याच कपड्यांवर रक्त दिसायला लागलं, तेव्हा मी जे येतं ते केलं. गार पाणी, मूठभर मीठ, बॉयलरमागे बादली. डाग गेला की काम संपलं. मूळव्याध असणार, दिवसभर उभं राहून होते, असं मनाशी ठरवून टाकलं. तुझ्या वहिनीच्या हाती कपडे यायचे ते पांढरेशुभ्र. तिला कळणार कसं? कधी पोट साफ व्हायचं नाही, कधी उलट धावपळ. दुपारपर्यंत गळून जायचो. पट्टा आत आत जायला लागला, तर मी खूश, की चला, ढेरी उतरली!

आणि मग तू चार दिवस राहायला आलीस. माहेरपण करायचं सोडून बॉयलरमागे रिकामी बादली शोधायला गेलीस आणि माझी भरलेली सापडली. पाण्यात बोट घालून चाखलंस म्हणे! गार आणि खारट म्हणजे काय, हे तुला कुणी सांगायला नको होतं. तशीच बाहेर आलीस आणि भरल्या दुकानात म्हणालीस, "दादा, रक्त कुणाचं?" मी दातओठ खात म्हटलं, "दुकानात असं विचारत नाहीत." तर तू म्हणालीस, "दुकान गेलं खड्ड्यात, चड्डी तुझी आहे!" पडदे न्यायला आलेल्या बाई छताकडे बघत राहिल्या. त्या अजून आल्या की आधी माझी तब्येत विचारतात आणि मग पडद्यांबद्दल बोलतात.

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू परतीचं तिकीट पुढे ढकललंस, वहिनीला सगळं सांगितलंस आणि मला हाताला धरून दवाखान्यात नेलंस. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला प्यायचं ते औषध आठवलं की अजून अंगावर काटा येतो. आपल्या कुठल्याही मशीनने कुणाची अशी धुलाई केली नसेल. आतड्याची दुर्बिणीची तपासणी मात्र गुंगीत कधी झाली ते कळलंही नाही.

डॉक्टरीणबाईंनी नंतर कागदावर मोठं आतडं काढून दाखवलं. आतल्या अस्तरावर बारीक कोंब उगवतात, त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. एखादा मात्र वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो आणि त्याचा कर्करोग होतो. वेळेत दिसला तर दुर्बिणीतूनच कापून टाकतात, पुढचं सगळं टळतं. माझा त्या टप्प्याच्या पुढे गेला होता, पण आतड्याच्या भिंतीबाहेर पडला नव्हता. तेवढा तुकडा काढून आतडं जोडलं. आजूबाजूच्या ग्रंथी तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. बाई म्हणाल्या, "तुम्ही डाग काढत बसलात आणि गळती कुठे ते बघितलंच नाही. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर..." ते वर्ष मला तू दिलंस, ठकू. आणि पुढची जी काय मिळतील तीही.

सिगारेट सुटली. जवळपासचे कपडे मी आता चालत पोचवतो. ताटात भाज्या, डाळी, सालासकट फळं. खारवून टिकवलेलं मांस आणि दारू बंद. बाईंनी बजावलंय की याने धोका कमी होतो, संपत नाही. सगळं पाळणाऱ्यालाही कर्करोग होतो, म्हणून तपासणी सोडायची नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाईंनी विचारलं, वडील कशाने गेले? मी म्हटलं, पोटाच्या दुखण्याने. "पोटाच्या म्हणजे?" तेव्हा आठवलं, की शेवटची दोन-तीन वर्षं बाबा स्वतःचे कपडे कुणाला धुवू देत नसत. आपण हसायचो, म्हातारपणी शिस्त चढली म्हणून. खरं काय होतं ते आता कळायचं नाही. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "भावंडं किती?" एक बहीण, धाकटी, चाळिशी ओलांडलेली. "मग तिची तपासणी कधी आहे?" तुला काही त्रास नाही हे मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, त्रास नाही तेव्हाच करायची असते. भावाला झालाय म्हणजे बहिणीने थांबायचं नाही. तुझ्या नवऱ्याशी मी बोललोय, त्याने गुरुवारची वेळ घेतली आहे. तू चिडशील म्हणून तो गप्प आहे, त्याला बोलू नकोस. मी मंगळवारी येतोय. बुधवारी तुझ्याबरोबर उपाशी राहीन, ते घाणेरडं औषध पिताना तुझ्यासमोर बसेन आणि गुरुवारी दवाखान्यात बाहेर बाकावर थांबेन. नाहीच म्हणायचं असेल तर मी दारात आल्यावर म्हण.

तुझाच, तुझ्यामुळे पुन्हा भूक लागणारा,
दादा