खोकला गेला, आता मंगलाष्टकं

ती. सौ. दैवशालाअक्कास, अंबडहून धाकट्या भावनाचा नमस्कार. वाटूरच्या थंडीत दाजींचे गुडघे काय म्हणतात? आकांक्षाच्या लग्नाचा बस्ता झाला का? माझ्या तब्येतीचं मात्र विचारू नकोस, मीच सांगते. सांगण्यासारखी तब्येत बऱ्याच वर्षांनी मिळाली आहे.

वर्षातून दोनदा न्यूमोनिया आणि मधल्या काळात नाक, कान, खोकला, हे तू पाहिलंच आहेस. सासूबाईंनी दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही तर दृष्ट पक्की, हा आपला नियम. पण मी आधीपासूनच खोकत होते. "मिरचीचा ठसका कोन्ता अन् हिचा कोन्ता, कळूनच न्हाई राह्यलं," म्हणत त्यांनी खात्रीसाठी आणखी मूठभर टाकल्या. (शेजारचे रामराव ओसरीवरून उठले, ते थेट संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आले.)

शेवटी जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी या खोकल्याचं सोडून आधीच्या सगळ्या आजारांचं विचारलं आणि रक्त तपासलं. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी माझ्या अंगात जवळजवळ तयारच होत नाहीत. लस देऊन पुन्हा तपासलं, तर शरीरानं तिची दखलही घेतली नव्हती. हे मोठेपणीही उघडकीला येतं म्हणे. म्हणजे सगळे ज्याला दोष द्यायचे, ते माझं रोजचं दही निर्दोष सुटलं, अक्का. आणि मीही. इतकी वर्षं मला वाटायचं, आपणच कुठेतरी कमी पडतो.

आता दर महिन्याला सलाईनमधून अँटिबॉडी घेते, आयुष्यभर घ्यायच्या. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून त्या काढतात. सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या लोकांचं आलं अंगात, मंग आता तुझं माहेर कोन्तं धरायचं?"

यंदाचा हिवाळा खोकल्याविना गेला. काल गच्चीवर मंगलाष्टकं म्हटली, पहिल्यापासून शेवटच्या 'सावधान'पर्यंत, एकदाही न अडखळता. तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईंनी सुपातले चार दाणे माझ्या डोक्यावर टाकले आणि पदरानं डोळे पुसले. (या वेळी मिरच्या नव्हत्या.)

तुझी,
भावना

ता. क. मंगलाष्टकांसाठी तू परतूरचा गायक ठरवलास आणि मला "खुर्चीवर बसून राहा, दगदग नको" म्हणालीस. आकांक्षाच्या बारशाचा पाळणा मी म्हटला होता. त्या गायकाला नको म्हणून कळव.

आणखी एक. कळवू नकोस, सकाळी मीच फोन केला. बिचाऱ्याचा घसा बसला आहे. मी म्हटलं, घरी बसून राहा, दगदग नको.