इसवी सन पाच हजारातली आंबील

१० डिसेंबर
विज्ञान कादंबरी आजपासून. निर्णय पक्का. काळ: इसवी सन पाच हजार. स्थळ: कळंब. बाकी सगळे मंगळावर गेलेले असतील, इथं कुणीतरी हवंच. त्या काळी फिजिक्सचा नवा नियम: एखाद्याची आठवण काढली की मधलं अंतर कमी होतं. मनापासून काढली तर माणूस थेट दारात. सोलापूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, ग्रॅव्हिटी कुणाच्या फर्माइशी घेत नाही. बघूच, सिस्टर.
दुपारी पुण्याहून लेकीचा, हर्षालीचा फोन. येळवसच्या अमावास्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला नक्की येते म्हणाली, दोन दिवस आधी, सतरालाच! लग्नानंतर पहिल्यांदा. नियमाला पुरावा मिळायला लागला.

११ डिसेंबर
लेखन: नाही. मूड नव्हता.
द्वारकाबाई भांडी घासायला आली, तिला नियम समजावला. म्हणाली, आन् दोघींनी एकदमच आठवण काढली तर मधीच येरमाळ्याला धडकचाल की! दुर्लक्ष केलं. तिला फिजिक्स नाही. मग म्हणाली, येळवसला आमच्या शेताला चला बाई, एकट्या काय करताव घरी? सांगितलं, एकटी कुठली, हर्षाली येतेय. आमचं शेत हे असतानाच विकलं, म्हणून आम्ही मायलेकी गच्चीवरच पूजेची कोप, म्हणजे खोपटी, करणार. द्वारकाबाई म्हणाली, गच्चीवर ज्वारी बी पेरा मग.

१५ डिसेंबर
गच्चीवर कडब्याची कोप उभी केली. आत पांडवांचे पाच दगड मांडले. कंबर धरली. लेखन उद्या.

१६ डिसेंबर
आंबील लावली. ज्वारीचं पीठ, ताक, नवं मडकं. लहानपणी हर्षाली मडक्याला कान लावून बसायची. आई, आत कुणीतरी बोलतंय, म्हणायची. आज मीही कान लावला. बोलतंय.

१७ डिसेंबर
हर्षालीची मीटिंग निघाली. अठराला येते म्हणाली. नियमात दुरुस्ती: मीटिंगमधून आठवण आरपार जात नाही. मीटिंग हा विश्वातला सर्वांत घन पदार्थ. कादंबरीला खोली आली.

१८ डिसेंबर
आता उद्या सकाळी निघते म्हणाली. चालेल. नियम दुसरा: माणूस येईपर्यंत काळ थांबवता येतो. अंमलबजावणी म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. आंबीलला मात्र अजून कळलेलं नाही. मडक्यावरचं फडकं फुगलंय.

१९ डिसेंबर, येळवस
सकाळीच सगळं कळंब डबे, मडकी, पोरंबाळं घेऊन शेतात गेलं. दुकानं बंद. रस्त्यावर एक कुत्रं. माणसांनी सोडून दिलेल्या ग्रहाचं वर्णन करायला उत्तम संधी. गच्चीवर उभी राहिले, वर्णन केलं नाही.
दुपारी वाऱ्यानं कोप पडली. तेवढ्यात हर्षालीचा व्हिडिओ कॉल. निघणं जमलंच नाही म्हणाली. आई, कोप किती गोड, असंही म्हणाली. मी फोन आडवा धरला होता, म्हणून तिला उभी दिसली असावी. रागावलीस का, विचारलं. छे, मला कादंबरीतून वेळच कुठंय, म्हणाले. पुढच्या वर्षी नक्की येते म्हणाली.
दिवस मावळताना दारात द्वारकाबाई. डब्यात येळवसची पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. शेतातून तशीच आलेली, पायांना माती. म्हणाली, दिसभर तुमचीच आठवण यायली होती, घास उतरंना, म्हणून आले चालत. तिला आंबील दिली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बाई, ही प्यायची हाय का फरशीला लावायची? दोघी खूप हसलो. तरी तिनं पेला संपवला.

२० डिसेंबर
कादंबरीचा आढावा: काळ आणि स्थळ लिहून तयार.
पहिला नियम सिद्ध झाला नाही. द्वारकाबाईचं येणं धरता येत नाही, ती चालत आली.
घड्याळात सेल घातला. पुढच्या येळवसला आंबील आदल्या दिवशीच लावायची. हर्षालीला फार आंबट चालत नाही.