न उचललेल्या विड्या

बा, नातीला समोर बसवून सांगते आहे. ती लिहिते, मी भांडते. मला अक्षर येत नाही, पण भांडायला ते लागतही नाही.

राजाचं राज्य जाऊन सरकारचं आलं, त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. जव्हारचा बाजार वाढवायचा ठरला आणि गावाच्या कडेचा आपला पाडा नेमका मध्ये आला. साहेब म्हणाला, "आता राज्य तुमचं. तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही." किती गोड माणूस! सगळा पाडा आंब्याखाली बसला, तू पुढे. मी मागे हंडा घेऊन उभी. साहेबाने विड्यांचं बंडल तुमच्यापुढे सरकवलं. "बाजार इथे आणतो, तुम्हाला पलीकडच्या माळावर जागा देतो. कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही. कुणी विडीही उचलली नाही. मागणं घेऊन आलेल्याला आपल्यात तोंडावर नकार देत नाहीत. त्याची विडी तशीच पडू द्यायची, की पाहुणा समजतो आणि उठतो. साहेबही उठला. हसत उठला. "सगळे राजी," म्हणाला आणि त्यातलीच एक विडी पेटवून गेला.

तू घरी येऊन ऐटीत सांगितलंस, "साफ नकार दिला त्याला."

आये म्हणाली, "त्याला कळलं का पण?"

"न कळायला तो काय कुकुलं बाळ आहे?"

भातकापणी झाली आणि माणसं जमीन मोजायची साखळी घेऊन आली. तेव्हा तू ओरडलास. साहेब शांतपणे म्हणाला, "तेव्हा का नाही बोललात, बाबा? विचारलं होतं ना?" त्या "ना"ने माझं अंग अजून पेटतं. माळावर पाण्याचा थेंब नव्हता. आये जुन्या झऱ्यावरून, म्हणजे भर बाजारातून, हंडा आणायची आणि दुकानदार तिला म्हणायचे, "ए, बाजूला हो." स्वतःच्या अंगणातून बाजूला!

सभा आताही होतात. गटार कुठून न्यायचं, टपऱ्या कुठे हलवायच्या, सगळं विचारतात, ठरवून झाल्यावर. मी पुढे बसते आणि "नको" असं ओरडते की साहेबाच्या हातातला चहा सांडतो. नात म्हणते, "आजी, हे पण लिहू?" लिही बाई, तेच आधी लिही.

बा, एक शब्द तुला एवढा जड झाला होता का? समोरचा आपल्यातला नाही, एवढं तरी बघायचंस!

हे पाठवायचं कुठे, ते नातीलाही ठाऊक नाही. पण खरं सांगते, त्या साहेबाचं तोंड मला आता आठवत नाही. तुझं आठवतं. म्हणून त्याच्या वाट्याचा रागही तुझ्यावरच काढते.