घरात काही घडतच नाही

४ मार्च
सही झाली! माझ्या आत्मचरित्राच्या कॉमिकवर सिनेमा निघणार. पटकथाही मीच लिहायची. निर्माता म्हणाला, सगळं झकास आहे, फक्त मध्यंतराआधी घरावर एखादं संकट हवं. अडचण एवढीच, की मी फक्त खरं घडलेलंच काढतो. आणि आमच्या घरात काही घडतच नाही.
संकल्प: यापुढे घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचं चित्र काढायचं नाही.

५ मार्च, सकाळ
विचारलं. लेक नाही म्हणाली. ती लहानपणी अंथरूण ओलं करायची त्यावरची माझी चार पानं अजून वर्गात फिरतायत म्हणे. तेरा वर्षांची घोडी झाली, विनोदबुद्धी शून्य. बायको काहीच बोलली नाही. म्हणजे होकार.

१९ मार्च
घरात कमालीची शांतता. मी खोलीत शिरलो की दोघी गप्प. माझ्या कामाची कदर करायला लागल्यात एकदाच्या.

२ एप्रिल
बायको दर मंगळवारी उशिरा येते. ऑफिसात काम होतं म्हणते. आज ऑफिसात फोन केला. रजेवर! संध्याकाळी कपाटात चादरींखाली एक मोठं पाकीट दिसलं. मी हात लावायच्या आत तिनं हिसकावलं.
लफडं. नक्की. फार वाईट वाटलं. लगेच टिपून ठेवलं.

१७ एप्रिल, दुपारी ३
मेहुणी आली होती. स्वयंपाकघरात रडत उभी. मला बघून तिनं नळ सोडला आणि धुतलेलेच कप पुन्हा विसळायला लागली. बहिणीचे उद्योग तिलाही सहन होत नाहीत बिचारीला. दाराआडून तिचे खांदे मस्त जमले. तीन रेघांत.

२५ एप्रिल
लफड्याचे बारा सीन पाठवले. निर्माता जाम खूश. बायकोचं पात्र आत्ता कुठे जिवंत झालं, म्हणाला.
संकल्प: पटकथा संपेपर्यंत तिला काही विचारायचं नाही. खरं कळलं तर गोष्ट बिघडायची.

३० एप्रिल
बायको बॅग भरून निघाली. चार दिवस बहिणीकडे जाते, म्हणाली. दारात वळून विचारलंन, आत्ता तरी काही विचारणार आहेस का? म्हटलं, बॅग डाव्या हातात घे, उजेड तिकडून येतोय.
घेतली.

२ मे
मेहुणीचा फोन. "भाऊजी, ताईचं ऑपरेशन झालं. छातीतली गाठ काढलीय. पुढचं रिपोर्ट आल्यावर." मला का नाही सांगितलं, म्हणून ओरडलो. ताईनंच बजावलं होतं, म्हणाली. निदान दुखणं तरी माझं एकटीचं राहू दे, असं.
हॉस्पिटलात गेलो. वॉर्डच्या दाराशी लेक. तिनं माझे खिसे चाचपले, वही काढून घेतली, पेन्सिल काढून घेतली, मग आत सोडलं.
बायको जागी होती. माझ्या हातांकडे बघत होती. बोल, म्हणाली.
पाणी देऊ का, म्हटलं.
नर्सनं मला अडवलं. इतक्यात पाणी द्यायचं नसतं, म्हणाली. तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही का?